अंगणात आपोआप उगवलंय, फुग्यासारखी फळं आलीत, कोणतं झाड आहे हे?

पारिजात_सहकारनगर

नमस्कार मंडळी, एका झाडाची ओळख हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे कारण घरात लहान मूल आहे. आम्ही सहकारनगरला एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर राहतो, मागे छोटंसं अंगण आहे, धुण्याचा दगड, एक पारिजातक, कढीपत्ता आणि भिंतीकडेला टोमॅटो मिरचीच्या कुंड्या. उन्हाळ्यात ड्रेनेजची लाइन फुटली म्हणून तिथे सगळं खणलं होतं, नंतर खड्डा बुजवायला बाहेरून टेम्पोभर लाल माती आणि थोडं शेणखत आणून टाकलं. पावसाळ्यात त्यावर काय काय उगवलं, बरंचसं उपटलं, पण एक रोप दिसायला छान हिरवंगार होतं आणि वांग्या-मिरचीच्या घरातलं वाटत होतं म्हणून राहू दिलं.

आता ते गुडघ्याच्या वर गेलंय, फांद्या आडव्या पसरल्यात, पानं मऊ आणि कडेला थोडी दातेरी, आणि दसऱ्याच्या आसपास फांद्यांना खालच्या बाजूने हिरवे कागदी फुगे लटकायला लागलेत, अगदी छोटे आकाशकंदील. एक फोडून बघितला तर आत हिरवा गोल मणी. माझा मुलगा पहिलीत आहे, त्याला हे फुगे फट्‌कन फोडायचा नाद लागलाय, शेजारच्या मुलांनाही बोलावून आणतो.

सासूबाई म्हणतात आम्ही लहानपणी शेतात खायचो हे, काही होत नाही. शेजारच्या काकू म्हणतात धोतरा आहे, आजच्या आज काढून टाक. मोबाइलवरच्या अॅपमध्ये फोटो टाकला तर पानाच्या फोटोला एक नाव, फुग्याच्या फोटोला दुसरं, लांबून काढलेल्याला तिसरंच. तीन फोटो जोडलेत. विषारी आहे का एवढं तरी आधी सांगा, मग नाव निवांत कळलं तरी चालेल. काढून टाकायला जीव होत नाहीये कारण आपणहून आलेलं झाड आहे, पण मुलापुढे काही नाही.

गच्चीबाग

पानं बघून मला पण धोतराच वाटतोय. आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला दरवर्षी येतो, लहान असताना पानं अशीच दिसतात. रिस्क घेऊ नका ताई, हातमोजे घालून मुळासकट काढा आणि विषय संपवा. लहान मूल घरात असताना असली झाडं नकोच.

जुन्नरकर

थांबा थांबा, उपटू नका. हा धोतरा नाही, धोतऱ्याला असा फुगा कधीच येत नाही, त्याचं बोंड काटेरी असतं आणि उघडं असतं. तुमच्या सासूबाई बरोबर सांगतायत. ही रानपोपटी, आमच्याकडे चिरबोटं पण म्हणतात. बाजरीच्या आणि भुईमुगाच्या रानात, बांधाला, उकिरड्यावर सगळीकडे यायची, आता तणनाशकं मारतात त्यामुळे कमी झालीये. भुईमूग काढायच्या वेळेला फुगे वाळून पिवळट व्हायचे आणि आपोआप खाली गळायचे, ते गोळा करून आतलं पिवळं फळ खायचं, आंबटगोड लागतं, बारीक बिया असतात. आम्ही शाळेतून येताना खिसे भरून आणायचो. फुगे कपाळावर आपटून फोडायचे हा तर सगळ्या पोरांचा उद्योग, तुमचा मुलगा काही वेगळं करत नाहीये.

फक्त एक, हिरवं फळ खायचं नाही. आमची आजी ओरडायची, हिरवं खाल्लंस तर पोट धरून बसशील म्हणून. गळालेलंच उचलायचं, झाडावरचं तोडायचं नाही, असा घरचा नियमच होता.

रानवाटा

पारिजातताई, मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे, असे प्रश्न आले की राहवत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्नरकरांचं म्हणणं मला बरोबर वाटतंय, पण मुलाच्या खाण्याचा प्रश्न असताना "वाटतंय" वर थांबायचं नाही. तुमच्याकडे झाड समोर आहे, फूलही असणार, तर दहा मिनिटात पक्कं करता येईल. वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची, धोतरा, अश्वगंधा, कामोणी आणि ही रानपोपटी सगळी एकाच कुळातली, त्यामुळे नुसत्या पानावरून ओळखायला गेलं तर जाणकार माणूसही घसरतो आणि अॅप तर घसरणारच. पानावर भांडण मिटत नाही, फुलावर आणि फळावर मिटतं. म्हणून मी नेहमी म्हणतो की अनोळखी रोप लहान असताना त्याला नाव द्यायची घाई करू नका, फूल येईपर्यंत थांबा आणि तोवर तोंडात घालू नका.

आता एकेक वगळत जाऊ. धोतऱ्याचं फूल वितीएवढं लांब, कर्ण्याच्या आकाराचं, पांढरं किंवा जांभळट, ते तुमच्या नजरेतून सुटूच शकत नाही. फुलाची खालची हिरवी नळी फळ धरल्यावर गळून पडते, तिचा फक्त तळाचा तुकडा फळाच्या बुडाशी कॉलरसारखा राहतो आणि बोंड काट्यांसकट उघडं दिसतं. रानपोपटीत नेमकं उलटं होतं, फुलाची हिरवी वाटी फळ धरल्यावर वाढायला लागते, वाढून वाढून फळाच्या भोवती बंद होते आणि तोच तुमचा फुगा. म्हणजे फुगा हे फळ नाही, फळ आत आहे. हा एक फरक लक्षात ठेवलात तरी धोतऱ्याची भीती संपते.

पण फुगा आहे म्हणजे रानपोपटीच असंही लगेच धरू नका, आपल्याकडे फुगेवाल्या आणखी वनस्पती आहेत. कपाळफोडी आहे, पण तो वेल असतो, बारीक तणाव्यांनी कुंपणावर चढतो, पानं कातरलेली, फुगा तीन बाजूंचा आणि आत काळ्या बिया, प्रत्येक बीवर पांढरा बदामाचा ठिपका. तुमचं झाड वेल नाही म्हणजे ती गेली. दुसरी अश्वगंधा, पुण्याच्या आसपास कोरड्या माळावर, पडीक जागेत भरपूर सापडते. तिच्यातही फळ कागदी आवरणात असतं पण आवरण लहान, फळाला जवळजवळ चिकटलेलं, फळं एकेक नाही तर पानाच्या बेचक्यात झुबक्याने, पिकल्यावर लालभडक, आणि सगळ्या झाडावर राखाडी लव असते, हात फिरवला की कळतं. अश्वगंधेची ती लाल फळं खायची नसतात, म्हणून हा फरक महत्त्वाचा. कामोणीला पांढरी चिमुकली फुलं घोसाने येतात आणि फळ पूर्ण उघडं, फुगा नाहीच. आणि एक बागेतून सुटून रानात गेलेली परदेशी निकॅन्ड्रा आहे, तिलाही फुगा येतो पण फूल निळसर जांभळं.

तर मला एवढं सांगा. फूल एकेकटं आहे का झुबक्यात. रंग कोणता, आत डाग आहेत का. फुलाच्या मधोमध जे परागकोश असतात त्यांचा रंग पिवळा का निळसर. खोडावर लव आहे का गुळगुळीत, आणि खोड गोल का कोनेदार. फुगा उभा चिरून आतलं फळ दिसेल असा एक फोटो काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. पानाची मागची बाजूही हवी. फूल सकाळी उन्हं चढल्यावर बघा, ढगाळ असेल तर नीट उघडत नाही.

तोपर्यंत मुलाला फुगे फोडू द्यायला हरकत नाही, नंतर हात धुवायला लावा. तोंडात काही घालायचं नाही, हिरवं फळ, फुगा, पान काहीच नाही.

सिस्टरताई

मधे बोलते. मी बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्सचं काम केलंय. मोठ्यांनी दिलेली "हे खाल्लं तरी चालतं" ही परवानगी मुलं फार सैल अर्थाने घेतात. एक झाड चालतं म्हटलं की त्याच्यासारखं दिसणारं दुसरंही चालतं, शेजारच्या मित्रालाही चालतं. आमच्याकडे मोगली एरंडाच्या बिया खाऊन पोरं यायची, एकटं पोर कधीच नाही, दोघं चौघं मिळूनच, कारण एकाने खाल्लं की सगळे खातात आणि त्या बियांची चव चांगली लागते. मग उलट्या, पोटात कळा, आईबाप घाबरून गेलेले.

त्यामुळे झाड कोणतंही निघालं तरी मुलाला नियम एकच ठेवा, मोठ्या माणसाने हातात दिल्याशिवाय अंगणातलं काही तोंडात घालायचं नाही. आणि जे कोणी हे वाचत असतील त्यांच्यासाठी, मुलाने अनोळखी काही खाल्लं तर घरी मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, तोंडातलं उरलेलं काढा, सरळ दवाखाना गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, आणि त्या झाडाची फांदी फळासकट पिशवीत घालून बरोबर न्या. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. धोतरा पोटात गेला तर तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, चेहरा लाल, अंग तापतं, मूल असंबद्ध बोलायला लागतं, अशा वेळी एक मिनिटही घरी थांबायचं नाही.

पारिजात_सहकारनगर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. सिस्टरताई तुमचा नियम आजच लागू केला, शेजारच्या मुलांनाही बोलावून सांगितलं.

रानवाटा सर, सकाळी नीट बसून बघितलं. फुलं एकेकटी आहेत, पानाच्या बेचक्यातून खाली मान घालून, करंगळीच्या नखाएवढी, फिकट पिवळी. आत तळाशी तपकिरी डाग आहेत पण अगदी पुसट. मधले परागकोश निळसर दिसतायत, आधी मला काळे वाटले, उन्हात धरल्यावर निळसर कळले. खोड गुळगुळीत आणि कोनेदार, बोटांमध्ये फिरवलं की कडा लागतात. लव जवळजवळ नाहीच, फक्त अगदी कोवळ्या शेंड्याला थोडीशी. फुग्यावर जांभळट शिरा आहेत. फुगा चिरला तर फळ आत सुटं आहे, भिंतीला चिकटलेलं नाही, आणि फुगा त्याच्यापेक्षा चांगलाच मोठा. पान चुरगळलं तर उग्र असा वास नाही. नवीन फोटो टाकलेत, एक लांबून पण काढलाय म्हणजे झाडाचा घेर कळेल.

अजून एक विचारायचं राहिलं, काही पानांची चाळणी झालीये, मधला हिरवा भाग खरवडून खाल्ल्यासारखा आणि शिरांची जाळी शिल्लक. ते काय असेल?

रानवाटा

वा, असं निरीक्षण माझ्या विद्यार्थ्यांनी केलं असतं तर मी खूश झालो असतो. आता शंका नाही. फायसॅलिस या वंशातलीच ही, आणि गुळगुळीत कोनेदार खोड आणि निळसर परागकोश बघता फायसॅलिस अँग्युलाटा म्हणायला हरकत नाही. हिची जवळची बहीण फायसॅलिस मिनिमा, दोघींची सरमिसळ नेहमीची आहे, मराठीत दोघींनाही रानपोपटी, चिरबोटच म्हणतात आणि तुमच्या कामापुरता दोघींत फरक नाही. बाजारात रसभरी म्हणून मिळते ती तिसरी, फायसॅलिस पेरुव्हियाना, तिचं सगळं अंग मखमली लवेचं असतं, फूल मोठं आणि आत गडद ठसठशीत डाग, फळही मोठं आणि नारिंगी. ती ही नाही. अँग्युलाटा आणि रसभरी दोघी मूळच्या अमेरिका खंडातल्या, आपल्याकडे इतक्या रुळल्यात की कोणाला परक्या वाटत नाहीत.

खाण्याबद्दल. फुगा वाळून गवताच्या रंगाचा झाला, हाताला कागदासारखा लागला, आतलं फळ हिरव्याचं पिवळं झालं आणि ते आपोआप जमिनीवर पडलं, म्हणजे पिकलं. ते धुऊन खायला चालतं. हिरव्या फळात, पानात आणि फुग्याच्या आवरणात बटाट्याच्या हिरव्या सालीत असतात त्या जातीची विषारी द्रव्यं असतात, म्हणून ते कधीच नाही. कोणाची आजी ओरडत असेल तर ती शास्त्राला धरूनच ओरडत होती.

पानांची चाळणी बहुतेक ठिपकेवाल्या भुंगेऱ्यांनी केलीये, विटकरी रंगाचा गोल छोटा किडा, पाठीवर अठ्ठावीस काळे ठिपके, पानाच्या मागे त्याच्या पिवळ्या काटेरी अळ्या सापडतील. वांग्यावर येतो तोच. हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका, फवारणीची गरज नाही.

आता खरं सांगायचं ते पुढे आहे. तुमचा लांबून काढलेला फोटो मोठा करून बघा. उजव्या कोपऱ्यात, पारिजातकाच्या आळ्याच्या बाहेर, जिथे नवीन माती पडलीये तिथे जमिनीला चिकटून गोल पसरलेली रोपं दिसतायत, फिकट हिरवी, बारीक बारीक कातरलेली पानं, मधे अजून दांडा नाही. मला निदान पाच सहा तरी मोजता आली. ताई, ते गाजर गवत आहे. ज्या झाडाबद्दल तुम्ही विचारलंत ते राहू द्या, पण ही रोपं या आठवड्यातच काढा.

खडकवासला_रोड

रानवाटा सर, बरं झालं तुम्ही बघितलंत, मी पण फोटो मोठा करून बघितला, गाजर गवतच आहे, लहानपणीचं. लोकांना ते मोठं झाल्यावर कळतं, पांढऱ्या बारीक फुलांचं कमरेएवढं झाड रस्त्याच्या कडेला सगळ्यांनी बघितलेलं असतं, पण हे जमिनीला चिकटलेलं रूप कोणी ओळखत नाही. कोणी शेवंती समजतं, कोणी दवणा, कोणी गाजराचं बी पडलं असेल म्हणतं, आणि ते बिचारं रोप पाणी पिऊन जोमाने वाढतं.

माझ्या वडिलांना याची अॅलर्जी आहे म्हणून मी एवढ्या कळकळीने लिहितोय. त्यांना रिटायर झाल्यावर सकाळी कॅनॉलच्या कडेने फिरायची सवय होती. आधी मानेला आणि कोपराच्या आतल्या बाजूला खाज, मग पापण्या सुजायच्या, चेहऱ्याची कातडी जाड आणि काळपट व्हायला लागली. उन्हाची अॅलर्जी, साबणाची अॅलर्जी, सगळं करून झालं. शेवटी एका त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून टेस्ट केली तेव्हा कळलं. त्या झाडात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, झाडाचे वाळलेले बारीक कण हवेत उडतात आणि उघड्या अंगावर बसतात, हात लावायचीसुद्धा गरज नसते. एकदा शरीराने धरलं की जन्मभर सांभाळावं लागतं. वडील आता पावसाळा ते दिवाळी फुल बाह्यांचा शर्ट घालूनच बाहेर पडतात, फिरायचा रस्ता बदलला, आणि त्यांना तो कॅनॉल फार आवडायचा.

आणि आपल्या पुण्याचं याच्याशी जुनं नातं आहे. भारतात हे गवत तण म्हणून पहिल्यांदा लक्षात आलं ते १९५५ च्या सुमाराला पुण्यातच, कचऱ्याच्या ढिगाऱ्यांवर. मूळचं मेक्सिकोकडचं. अमेरिकेतून गहू आला त्यातून बी आलं असं म्हणतात, त्यावरूनच काँग्रेस गवत हे नाव पडलं असंही सांगतात. तिथून सगळ्या देशभर पसरलं. एका चांगल्या वाढलेल्या झाडाला पंधरा वीस हजार बी येतं, इतकं हलकं की वारा, पाणी, गाडीची चाकं, टेम्पोतली माती, शेणखत कशातूनही जातं. तुमच्याकडे बहुतेक त्या मातीबरोबरच आलं असणार. उगवल्यापासून महिना दीड महिन्यात फुलावर येतं म्हणून घाई करायची.

जुन्नरकर

काढायची पद्धत सांगतो कारण बरेच लोक विळ्याने कापतात आणि ते खालून परत फुटतं. आदल्या संध्याकाळी तिथे पाणी मारा, सकाळी माती ओली असताना खुरप्याने मुळासकट उचला. हातमोजे, फुल बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल. ज्याला दमा किंवा त्वचेचा त्रास आहे त्याने हे काम करायचंच नाही, घरातल्या दुसऱ्याने करायचं. कपडे लगेच धुवायला टाका. मिठाचं पाणी मारा म्हणून सल्ला देतात लोक, अंगणात मारू नका, माती खराब होईल आणि पारिजातकाला त्रास होईल.

आणि काढल्यावर जागा उघडी ठेवू नका. बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं, उघडी जागा मिळाली की परत येणार. आमच्याकडे बांधावर टाकळ्याचं बी फेकतात, टाकळा दाट वाढतो आणि गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही, शिवाय कोवळ्या पाल्याची भाजी होते. अंगणात झेंडू दाट लावलात तरी तेच काम होतं आणि दिसतं पण छान.

गच्चीबाग

रानपोपटीची माहिती वाचून मलाच आता ती लावावीशी वाटायला लागलीये. पारिजातताई, पिकलेली फळं मिळाली तर थोडं बी द्याल का? कोथरूडहून येऊन घेऊन जाईन. कुंडीत येईल ना सर? आणि ते मेक्सिकन भुंगेरे म्हणतात ते सोडले तर गाजर गवत जातं असं ऐकलंय, ते कुठे मिळतात?

रानवाटा

कुंडीत आरामात येईल, पण टोमॅटो मिरचीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा. एकाच कुळातली असल्याने कीड आणि पानं आकसवणारा विषाणू एकमेकांकडे जातो, पांढरी माशी नेते. पारिजातताईंच्या फोटोत मिरची अगदी शेजारीच दिसतेय, तीही जरा सरकवा. रानपोपटी वर्षायू आहे, थंडीत वाळून जाईल, फळं खाली पडली की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तिथेच येईल, वेगळं काही करावं लागत नाही.

भुंगेऱ्यांबद्दल, झायगोग्रामा नावाचे हे भुंगेरे १९८० च्या दशकात मेक्सिकोतून मुद्दाम आणून आपल्याकडे सोडले, ते गाजर गवताची पानं फस्त करतात. पावसाळ्यात काम करतात आणि पाऊस संपला की जमिनीत जाऊन बसतात, त्यामुळे आत्ता ऑक्टोबरमध्ये विकत घेण्यात अर्थ नाही आणि अंगणातल्या चार रोपांना त्यांची गरजही नाही, खुरपं पुरेसं आहे. मोकळ्या प्लॉटवर, रेल्वेच्या कडेला, नदीपात्रात त्यांचा उपयोग. पावसाळ्यात गाजर गवतावर पिवळट पांढरे, काळ्या नागमोडी रेघांचे भुंगेरे दिसले तर मारू नका, ते आपल्या बाजूचे आहेत.

आणि कोणालाही अंगणातल्या झाडाची पक्की ओळख हवी असेल, म्हणजे औषधासाठी वापरायचंय किंवा खायचंय, तर फोटोवर अवलंबून राहू नका. फूल, फळ आणि शक्य असेल तर मूळ असलेली फांदी वर्तमानपत्राच्या घडीत घालून वरून जड पुस्तकं ठेवा, कागद रोज बदला, वाळली की सोबत कुठे आणि कधी मिळाली, फुलाचा रंग काय होता हे लिहून ठेवा, कारण वाळल्यावर रंग जातो. पुण्यात आपण या बाबतीत नशीबवान आहोत, आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे, कोरेगाव पार्कला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, दोन्हीकडे वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे आणि नमुना ओळखून देतात.

पारिजात_सहकारनगर

गाजर गवत काढलं. नवऱ्याने काढलं, मला धुळीचा त्रास आहे म्हणून मी लांबच थांबले. फोटोत दिसत होती त्याच्यापेक्षा बरीच जास्त निघाली, कढीपत्त्याच्या मागे पण होती. एकाला मधून दांडा आला होता आणि वर बारीक कळ्या होत्या, बाकी सगळी जमिनीला चिकटलेलीच. शेजारच्या काकूंच्या अंगणात पण तीच माती टाकली होती, त्यांना जाऊन दाखवलं, त्यांच्याकडे तर फुलं आलेली आहेत, उद्या नवरा तिकडे पण जाणार आहे.

रानपोपटी राहिली. मिरची पलीकडच्या भिंतीला नेली. भुंगेरे सापडले, सरांनी सांगितले तसेच, ठिपके मुलाने मोजले आणि अठ्ठावीसच भरले, तो आता रोज सकाळी पानं उलटी करून बघतो. सासूबाईंनी दोन गळालेली फळं धुऊन दिली, त्याला एक आवडलं, दुसरं आंबट लागलं. गच्चीबाग, तुमच्यासाठी बी वाळत ठेवलंय, मेसेज करा.

शेवटचा प्रश्न, उपटलेलं गाजर गवत प्लास्टिकच्या पोत्यात भरून ठेवलंय, त्याचं काय करू? आमच्याकडे कंपोस्टचा ड्रम आहे, त्यात टाकलं तर चालेल का, का तिथूनच परत उगवेल?

जुन्नरकर

फूल नसलेली चालतील, त्यांचं चांगलं खत होतं, फक्त मुळाची माती झटकून टाका आणि ड्रममध्ये वरून सुका पालापाचोळा घाला. त्या कळ्यावाल्याला आणि काकूंकडच्या फुलांवर आलेल्यांना मात्र ड्रममध्ये घालू नका. घरच्या ड्रममध्ये बी मरण्याएवढी उष्णता होईलच याची खात्री नसते. ती वेगळ्या पिशवीत, काढताना हलवाहलव न करता, शेंडा आधी पिशवीत घालून मग मूळ उपटायचं म्हणजे बी सांडत नाही. पिशवीचं तोंड घट्ट बांधून ती उन्हात तशीच पडू दे, पार काळी पडून कुजली की मग कचऱ्याच्या गाडीत द्या. जाळू नका, धूर अंगावर येतो.